मेजावर ठेवलेली जागा

मुंबईत हंगामाचा सण करायचा म्हणजे पहिली अडचण अशी की इथे कोणाचेच शेत नसते. परळच्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीतली बहुतेक घराणी आजोबांच्या काळी नगर-जालन्याकडून गिरणीत कामाला आली आणि इथलीच झाली. गावी होती तेव्हा ती बाजरीची कणसे, गुळाची ढेप, पाय बांधलेली कोंबडी घेऊन प्रभूच्या घरी जात. मुंबईत कणसे कुठून आणणार? मग दादरच्या बाजारातून तांबडा भोपळा आणि उसाची मोळी येई. कोणी घरचे पापड आणी, कोणी सुट्टीभर विणलेली लोकरीची टोपी. सगळे प्रभुभोजनाच्या मेजापुढे मांडले जाई आणि उपासना संपली की बाहेर फरसबंदीवर त्याचा लिलाव होई. एकच भोपळा दोन-तीनदा विकला जाई, कारण घेणारा तो उचलून पुन्हा मेजापुढे नेऊन ठेवी. हशा पिके, चहा होई, आणि देवाला काही दिल्याचे समाधान घेऊन माणसे घरी जात.

ज्यांच्यापाशी मांडायला वस्तू नसे त्यांनी उभे राहून संकल्प बोलावा, अशीही रीत होती. कोणी म्हणे, वर्षभर चर्चचे पडदे मी धुईन. कोणी म्हणे, रविवारच्या शाळेतल्या मुलांना पेटी शिकवीन. या वर्षी शलमोन ओहोळ उभे राहिले आणि तीनच शब्द बोलले.

“माझी जागा मंडळीला.”

आणि खाली बसले. पाळकसाहेबांनी ‘आमेन’ म्हटले. मागच्या बाकांवरून आणखी चार-दोन आमेन आले, त्यांतला एक जरा मोठ्याने, बाईच्या आवाजात. ओहोळांनी वळून पाहिले नाही.

बोलणे आखूड ठेवायची त्यांना सवय होती. तरुणपणी माटुंग्याच्या टेक्निकल कॉलेजातून पदविका घेऊन ते गिरणीच्या देखभाल खात्यात लागले आणि गिरणी बंद पडेपर्यंत तिथेच राहिले. यंत्राचा बिघाड सांगताना पाल्हाळ लावणाऱ्या माणसाला यंत्र समजलेले नसते, असे त्यांचे मत होते, आणि प्रार्थनेच्या बाबतीतही ते त्यांनी बदलले नव्हते. त्या तीन शब्दांमागची हकिकत साधी होती. लालबागची त्यांची जुनी चाळ पाडून तिथे मनोरा उभा राहिला होता आणि नवव्या मजल्यावर त्यांना दोन खोल्यांचे घर मिळाले होते. पत्नी दीनाबाई वारल्या त्याला दहा वर्षे झाली; मुलगी अनुग्रहा लग्न होऊन पुण्याला. त्या आठवड्यात पाळकसाहेबांनी विचारले होते की, दादा, गुरुवारच्या प्रार्थनासभेला तुमची बाहेरची खोली द्याल का? ती द्यायची असे ठरवून ओहोळ उभे राहिले होते. एवढेच.

पण ‘जागा’ हा शब्द त्या मंडळीत ओहोळांच्या तोंडी फार वर्षे वेगळ्याच कामासाठी वापरला गेला होता.

ते दफन समितीचे पंच होते. शिवडीकडच्या दफनभूमीत मंडळीच्या वाट्याला एक अरुंद पट्टा होता, आणि त्यातल्या मोजक्या कबरी आळीपाळीने वापराव्या लागत. एकदा बंद केलेली कबर दहा वर्षे उघडायची नाही, हा नियम ओहोळांनीच घालून दिला होता. त्या आधी ज्याचा वशिला मोठा त्याच्यासाठी कबर लवकर उघडली जाई, आणि नको ते दिसे. ओहोळांनी पट्ट्याचा नकाशा मापाबरहुकूम काढला, भिंतीला लावला, आणि नियम पाळला. मित्रासाठी मोडला नाही, सख्ख्या चुलत्यासाठीही मोडला नाही. कोणाच्या घरी मरण झाले की पहिला फोन डॉक्टरला, दुसरा पाळकसाहेबांना आणि तिसरा ओहोळांना यायचा. फोनवर माणसे रडत रडत एकच विचारायची: “दादा, जागा आहे का?” असली तर ते आहे म्हणत. नसली तर वसईच्या पलीकडे मंडळीची दुसरी दफनभूमी होती, तिथे जायला सांगत. तिथे जागा भरपूर होती. पण पुन्हा फूल ठेवायला जायचे तर म्हाताऱ्या माणसाचा दिवस जाई, आणि पुष्कळांना ते जमतच नसे.

पट्ट्याला लागून तीन-चार कबरी मात्र घराण्यांच्या मालकीच्या होत्या. त्यांतली एक ओहोळांची. दहा वर्षांचा नियम या कबरींनाही होता. गिरण्यांना बरकत होती त्या दिवसांत त्यांच्या वडिलांनी ती घेतली होती. आता तिच्यात दीनाबाई होत्या.

दीनाबाई लहानपणीच आईबापांना पारख्या झालेल्या, मिशनच्या वसतिगृहात वाढलेल्या. लांबलचक दालनात चाळीस मुलींच्या ओळीत झोपायची त्यांना सवय. लग्नानंतर ओहोळांना रात्रपाळी लागली की त्या शेजारच्या मुलीला सोबतीला बोलवायच्या. इस्पितळातल्या शेवटच्या दिवसांत त्यांना वेदनांपेक्षा एका गोष्टीची भीती जास्त वाटत होती. “मला तिथं एकटीला ठेवू नका हो,” त्या म्हणाल्या होत्या. ओहोळांनी त्यांचा हात धरून सांगितले होते, “मी येतोच आहे मागनं. तुझ्याशेजारीच.” अनुग्रहा तेव्हा खाटेच्या पायथ्याशी उभी होती.

त्या वचनाचे त्यांनी नेहमीच्या पद्धतीने गणित मांडले होते. दहा वर्षे कबर उघडता येणार नाही, तर दहा वर्षे आपण मरता कामा नये. त्यांनी साखर सोडली, जिना सोडून लिफ्ट धरली, डॉक्टरांच्या गोळ्या वेळच्या वेळी घेतल्या. गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले की हृदयाची एक झडप आकसली आहे आणि या वयात शस्त्रक्रिया करण्यात अर्थ नाही. तेव्हा ओहोळांनी फक्त, साधारण किती दिवस, एवढे विचारले. डॉक्टर हसून म्हणाले, “तुम्ही असेच नीट राहिलात तर दोन-तीन वर्षं काढाल.” या जूनमध्ये कबरीची मुदत भरली. त्या दिवशी ओहोळ शिवडीला गेले, फुले ठेवली आणि बसने घरी येताना त्यांना फार हलके वाटले. आता बोलावणे आले तरी हरकत नव्हती.

हंगामाच्या सणानंतर काही आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी त्यांच्या दाराची घंटा वाजली. दारात कांताबाई उभ्या होत्या. त्यांचा मुलगा अभय आजारी होता हे ओहोळांना माहीत होते; मूत्रपिंडे निकामी झाल्याने तो आठवड्यातून तीनदा इस्पितळात जाई. इस्पितळाच्या बाकावरच त्याला प्रभूची ओळख झाली होती. चार वर्षांपूर्वी त्याने बाप्तिस्मा घेतला आणि वर्षभराने आईने. बाकीचे घराणे परळच्या बौद्ध चाळीतले. कांताबाईंच्या मागे त्यांचे दीर भिवाजी उभे होते, पांढरा सदरा, हातात काठी.

“सलाम, दादा,” कांताबाई म्हणाल्या. “अभय गेला. पहाटं.”

ओहोळांनी त्यांना आत घेतले, पाणी दिले. भिवाजी जय भीम म्हणून खुर्चीच्या कडेवर बसले.

“शांतपणे गेला का?” ओहोळांनी विचारले.

“शांतपणे गेला. काळजीच नव्हती त्याला.” कांताबाईंनी पदराने तोंड पुसले. “आधी लई होती. मला म्हणायचा, आई, मला मातीत ठेवा, पण तिकडं वसईला नको, तुझ्या गुडघ्याला झेपायचं नाही. कुठं जवळ मिळंल का? मग सणाच्या दिवशी तुम्ही उभे राहून बोललात ना, माझी जागा मंडळीला. मी मागं बसले होते. मी इतक्या मोठ्यानं आमेन म्हटलं, की पुढची पोरं वळून हसली. घरी गेले नि आधी त्याला सांगितलं, अभय, ओहोळदादांनी आपली जागा दिली रे. तर म्हणतो कसा, आई, मग झालं काम. त्या दिवसापासनं पुन्हा एकदा पण विचारलं नाही त्यानं.”

ओहोळांनी पाण्याचा पेला उचलून पुन्हा तिथेच ठेवला. 

भिवाजींनी काठी गुडघ्यांमध्ये धरली. “खोटं कशाला सांगू, दादा,” ते म्हणाले, “वैनीनं मला सांगितलं तेव्हा मी हसलो. आमच्यात मंडळी म्हणजे बायको. मी म्हटलं, अगं, ओहोळसाहेब म्हणतायत जागा मंडळीला, म्हणजे ते बायकोशेजारीच जाणार. तुला कुठनं देतील? तर ही माझ्यावर खेकसली.”

“भावजी, गप बसा की जरा.”

“बसतो. पण विचारून घे. पोरगं शवागारात ठेवलंय, दादा. आमच्या चाळीतली पोरं तयार आहेत. तुमच्यात न्या म्हणालात तर तुमच्यात, नाहीतर भोईवाड्याच्या स्मशानात नेतो. माझा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव होता. धर्मावरनं मी भांडणार नाही. फक्त त्याच्या आईला फिरवू नका इकडनं तिकडं.”

“कांताबाई,” ओहोळ म्हणाले, आणि त्यांना पुढचे वाक्य सापडेना. मी खोलीबद्दल बोलत होतो, हे ते वाक्य होते. ते खरे होते. त्यात कोणाचा दोष नव्हता. ही समोरची बाई ते ऐकून एकदा मान हलवील आणि उठून जाईल, हेही त्यांना दिसत होते. “मला जरा पाळकसाहेबांशी बोलून येऊ द्या,” ते म्हणाले. “तुम्ही इथेच बसा. चहाचं सामान ओट्यावर आहे.”

पाळक विनीत साळवे तेव्हा चर्चमध्ये एकटेच होते. खुर्चीवर चढून सणाच्या पताका काढत होते. वय तिशीच्या आसपास. ओहोळांचे सगळे ऐकून घेतल्यावर ते खाली उतरले.

“दादा, तुमच्या मनात काय होतं ते मला ठाऊक आहे. खोली मीच मागितली होती. कांताबाईंशी मी बोलतो. त्या समजून घेतील.”

“घेतील. त्यात शंका नाही.”

“मग?”

“अभय समजून घ्यायला राहिलेला नाही.”

साळवे हातातल्या पताकांची घडी घालत राहिले. “दादा, तुम्ही न केलेल्या संकल्पाचं ओझं देव तुमच्यावर टाकत नाही. तो काय शब्दात पकडणारा वकील आहे?”

“तो नाही. पण मी होतो.” ओहोळ पहिल्या बाकावर बसले. “तुम्ही यायच्या आधीची गोष्ट आहे. एका सणाला दीनानं पितळी पातेल्यात भरून तांदूळ आणले. पातेलं तिचं होतं, वसतिगृहातल्या मेट्रनबाईंनी लग्नात दिलेलं. माहेरचं म्हणून तिच्याकडे तेवढंच. द्यायचे होते तांदूळ. पण लिलाव पुकारणाऱ्यानं पातेल्यासकट पुकारलं आणि गिरगावच्या एका पाहुण्यानं बोली जिंकली. ती माझ्याकडे धावत आली. म्हणाली, अहो, सांगा ना त्यांना. मी पंच होतो. मी म्हणालो, दीना, मेजावर ठेवलं ते प्रभूचं. आपण काय ठेवायचं म्हणत होतो ते बघत बसलो तर लिलाव कधी संपायचा? सगळे हसले. तीही हसली. घरी जाऊन रडली.”

“ते फार कठोर झालं, दादा.”

“झालं. पाहुणा भला होता, पण मला पातेलं मागायची लाज वाटली. आता आपलं ठेवलेलं परत उचलायची वेळ माझ्यावर आली, तर मी अर्थ सांगत बसू?”

“पातेलं आणि ही जागा, यात फरक आहे.”

“आहे. म्हणूनच तर.” ओहोळांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. “साळवेसाहेब, मी खोली दिली ना, त्याचा मी आता विचार करत आलो. दिवसभर त्या खोलीत मी एकटा असतो. गुरुवारी चार माणसं येऊन गाणी म्हणणार, मला बरंच वाटणार होतं. ते देणं नव्हतं. ती माझी सोय होती. आणि मी उभा राहून ती देवाच्या नावावर मांडली.”

साळवेंनी घडी घातलेल्या पताका बाकावर ठेवल्या. थोड्या वेळाने ते बाहेर गेले आणि दार लोटून घेतले.

ओहोळांना गुडघे टेकता येत नव्हते. त्यांनी पुढच्या बाकाच्या पाठीवर कपाळ टेकले. त्यांनी देवाला सगळे क्रमाने सांगितले: दीनाला काय कबूल केले होते, ती कशाला भीत असे, डॉक्टर काय म्हणाले, कबर पुन्हा बंद झाली तर ती कधी उघडेल आणि तोवर आपण असणार नाही. यातले देवाला काही नवीन नव्हते, पण वगळून चालणार नव्हते. मग ते थांबले. उत्तर आले नाही. बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होते. ती सुरू होईना. ओहोळांच्या लक्षात आले की उत्तराची ते जी वाट पाहत आहेत ती पुढे काय होईल याच्या उत्तराची आहे. आता काय करायचे ते तर बाकावर बसण्याआधीच कळलेले होते. एवढी वर्षे आपण देवावर विश्वास ठेवला तो सगळे नीट आखून झाल्यावर, आणि आखणीत देवाला करायला फारसे काही शिल्लकच ठेवले नाही, हेही त्यांना दिसले, आणि ते पाहणे सुखाचे नव्हते.

चर्चच्या पायरीवर उभे राहून त्यांनी अनुग्रहाला फोन लावला. तिने मध्ये न बोलता ऐकले, आणि मग एकदम म्हणाली, “नाही, पप्पा.”

“अगं...”

“ती जागा आईची आहे. तुमच्या एकट्याची नाही. तुम्ही देणारे कोण?”

“बरोबर आहे तुझं. म्हणून तुला विचारतो आहे.”

“विचारताय की सांगताय?”

“सांगतो आहे.”

ती हसली की रडली हे फोनवर कळले नाही. “तुम्ही आईला कबूल केलं होतं. मी होते तिथं.”

“होतीस.”

“मग तिला काय सांगणार?”

“माहीत नाही, बाळा.”

हे शब्द वडिलांच्या तोंडून तिने आयुष्यात फारसे ऐकले नव्हते. “कधी आहे?” तिने विचारले.

“उद्या दुपारी. कबर सकाळी उघडतील.”

“पहाटेच्या गाडीनं येते. आईला उचलतील तेव्हा मी तिथं असणार. माझ्याशिवाय हात लावायचा नाही कोणी. सांगून ठेवा त्या तुमच्या मुकादमाला.”

ओहोळ घरी परतले तेव्हा कांताबाई चहा न करताच बसून होत्या. त्या उठू लागल्या. ओहोळांनी हाताने बसा म्हटले. “उद्या दुपारी तीनला,” ते म्हणाले. “जागा आहे.” भिवाजींनी मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिले आणि मग काठीकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दफनभूमीतल्या मुकादमाने, रघुवीरने, ओहोळांनी दाखवलेली कबर पाहिली आणि कुदळ खाली ठेवली. “दादा, ही तर तुमची हाय.”

“होती. खोद.”

अशा वेळी ओहोळ कितीतरी वेळा इथे उभे राहिले होते, पण ते दुसऱ्यांसाठी. खड्ड्याची खोली बरोबर आहे ना, शेजारची कड ढासळत नाही ना, हे पाहायचे, आणि नातेवाइकांकडे पाठ करून उभे राहायचे, म्हणजे त्यांना मोकळेपणी रडता येई. रीत अशी होती की जुन्या माणसाचे अवशेष गोळा करून पांढऱ्या कापडात बांधायचे, घरच्या कोणीतरी ते मांडीवर घेऊन बसायचे, आणि तळाशी एका कोपऱ्यात ते पुन्हा ठेवले की मग नव्या माणसाला आत घ्यायचे. आज पाठ करून उभे राहण्यासारखे कोणी नव्हते. अनुग्रहाने चादर अंथरली, ओहोळ कष्टाने तिच्यावर बसले, आणि रघुवीरने ते गाठोडे दोन्ही हातांनी त्यांच्या मांडीवर ठेवले.

ते किती हलके होते! घरात पीठ आणायची पिशवी याहून जड असे. ओहोळांनी दीनाशी बोलायचे शब्द रात्रीच जुळवून ठेवले होते. मी कबूल केलेले मोडतो आहे, क्षमा कर, असे काही. ते त्यांच्या ओठांवर आले आणि तिथेच थांबले, कारण ज्या दीनाला ते सांगायचे होते ती या कापडात नव्हती. दहा वर्षे त्यांनी तिला या मातीत एकटी पडलेली पाहिली होती. ती कुठे आहे, कोणाजवळ आहे आणि तिथे एकटी का असू शकत नाही, हे त्यांनी याच जागी उभे राहून किती घरांतल्या रडणाऱ्या माणसांना सांगितले होते. मनापासून सांगितले होते. ते खरे आहे यावर त्यांचा विश्वासही होता. फक्त आपल्या बायकोच्या बाबतीत त्यावर विसंबायचे त्यांनी धाडस केले नव्हते.

“पप्पा,” अनुग्रहा हळूच म्हणाली. तिचा हात कापडावर होता. “देऊ या आता?”

“थांब जरा,” ओहोळ म्हणाले. त्यांनी गाठोडे दोन्ही हातांनी छातीशी धरले. दुःख कमी झाले असे नाही. डोळ्यांतले पाणी कापडावर पडत होते आणि ते त्यांनी पुसले नाही. मग त्यांनी ते रघुवीरच्या हाती दिले. “पूर्वेच्या कोपऱ्यात,” ते म्हणाले. “नीट ठेव.”

दुपारी अभयची पेटी आली. खांदा द्यायला चर्चची माणसे थोडी आणि चाळीतली पोरे पुष्कळ होती. गीत म्हणताना चाळीतल्या माणसांना शब्द येत नव्हते, तरी ती हात जोडून शेवटपर्यंत उभी राहिली. पाळकसाहेब थोडक्यातच बोलले. आपल्या प्रभूलाही दुसऱ्याने स्वतःसाठी करून ठेवलेल्या कबरेतच ठेवले होते, एवढे ते म्हणाले, आणि त्यांनी ओहोळांकडे पाहायचे कटाक्षाने टाळले. कांताबाईंनी माती टाकली. भिवाजींनी टाकली. अनुग्रहाने मूठ भरून घेतली, ती जराशी घट्ट धरून ठेवली, आणि मग सोडली.

सगळे पांगू लागल्यावर कांताबाई ओहोळांजवळ आल्या. “दादा, इथपर्यंत मला चालत येता येतं. आजही मी चालतच आले, मुद्दाम. दर रविवारी फुलं आणत जाईन. दोघांनाही.”

“आणा,” ओहोळ म्हणाले.

अनुग्रहा कांताबाईंना हात देत पुढे निघाली. भिवाजी मागे रेंगाळले आणि ओहोळांच्या चालीने चालू लागले. दोघे फाटकाशी आले.

“दादा, एक विचारू? राग मानू नका.”

“विचारा.”

“सकाळी तुमचे पाळकसाहेब चाळीत आले होते. जाता जाता वैनीला म्हणाले, गुरुवारपासनं प्रार्थना ओहोळदादांच्या घरी आहे, दादांनी सणाला जागा दिली ना.” भिवाजी थांबले आणि काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. “ती नुसतं हो म्हणाली, तिचं ध्यान नव्हतं. पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही त्या दिवशी खोलीचं बोलला होतात.”

ओहोळांनी फाटकाचा गज धरला.

“म्हणजे वैनीची ऐकण्यातली चूक. आणि तुम्ही काल तोंडातनं ब्र काढला नाही!”

“त्यांना सांगू नका, भिवाजी.”

“मी कशाला सांगतोय? मला येड लागलंय काय?” भिवाजींचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. “पण तुमचं काय? तुमची छाती धड नाही, अख्ख्या परळला माहीत आहे. उद्या तुमचं बरंवाईट झालं तर तुम्हाला कुठं नेणार? वसईला?”

“जिथं रिकामी असेल तिथं.”

“आणि बाईसाहेब इथं?”

“बाईसाहेबांची व्यवस्था माझ्याहून मोठ्या माणसाकडे आहे. आधीपासूनच होती. मला वाटत होतं, माझ्याकडे आहे.”

भिवाजींनी मान हलवली. त्यांना ते पटले नव्हते, आणि न पटल्याचे लपवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. “मला नाही बाबा जमलं असतं. तुमचा देव भलताच मागतो.”

“मागतो खरा.”

“आणि तुमच्या वेळेला कुठंच जागा नसली तर?”

ओहोळ रस्त्याच्या कडेशी येऊन थांबले. या प्रश्नाचे गणित त्यांनी मांडलेले नव्हते, आणि मांडावेसे वाटत नाही हे लक्षात आल्यावर त्यांचे त्यांनाच थोडे नवल वाटले.

“तेव्हा माझ्या हातात काहीच नसेल, भिवाजी,” ते म्हणाले. “काल होतं.”

रस्त्याच्या पलीकडे अनुग्रहा आणि कांताबाई बसथांब्यावर उभ्या होत्या. अनुग्रहाने हात वर करून बस आल्याची खूण केली. भिवाजींनी काठी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने ओहोळांचे कोपर धरले, आणि येणाऱ्या गाड्यांवर खेकसत दोघे म्हातारे रस्ता ओलांडू लागले.